मोठा आकडा कुणाचा

आमच्या थोरल्यांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. थोरल्या म्हणजे लंकाबाई, माझ्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई. सगळी वस्ती त्यांना थोरल्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. माझ्या सासूबाई साळूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. दोघींचेही नवरे गेले. थोरल्यांच्या दोन्ही मुली लांब दिल्या. आता संगमनेर तालुक्यात डोंगराच्या अंगाला जी आमची वस्ती आहे, तिथे एका चुलीवर आम्ही जेवतो: त्या दोघी, माझा नवरा अमृत, मी आणि आमची छोटी सृष्टी.

चूल एक असली तरी दोघींच्या म्हशी वेगळ्या. ज्या म्हशीला थोरल्या हात लावतील तिच्या वाटेला आत्याबाई जात नाहीत. दूध मात्र एकाच खात्यावर जातं. डेअरीतलं ते खातं थोरल्या मामंजींनी उघडलेलं, त्यांच्यामागे लंकाबाईंच्या नावावर झालं, आणि दुसरं उघडावं असं कुणाला वाटलंच नाही. दोन किटल्या, एक खातं. आधी थोरल्यांची किटली लागणार, मग आत्याबाईंची. हा क्रम कुणी ठरवला मला माहीत नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो मोडलेला पाहिला नाही.

सेक्रेटरी दोन्ही दुधांची फॅट वेगवेगळी काढतो आणि मोठ्याने सांगतो. त्यातला मोठा आकडा थोरल्यांचा. म्हणजे मशीन काहीही म्हणो, मोठा तो थोरल्यांचा. आत्याबाईंच्या दुधाला जास्त लागली, की थोरल्या कमरेवर हात ठेवून म्हणतात, "किटल्या बदलल्या तुज्या. परत लाव." तो बिचारा परत लावतो. पुन्हा तेच. "मग मशीन बिघाडलंय," असं म्हणून थोरल्या मोकळ्या. आत्याबाई शेजारी उभ्या राहून पदरात हसतात. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही "हा माझा आकडा" असं म्हटलेलं नाही. मला या गोष्टीचा राग यायचा. एकदा मी आत्याबाईंना तसं बोलूनही दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "खातं एकच हाय ना? मग म्हनू दे की त्यास्नी. त्येंचा दिस चांगला जातो."

तशा थोरल्या वाईट नाहीत, हेही सांगते. माझं बाळंतपण अवघड झालं तेव्हा सगळ्यांआधी त्या दवाखान्यात हजर, आणि तिथल्या नर्सवर अशा काही ओरडल्या की मला वेदनांतही लाज वाटली. एसटीत पाय ठेवायला जागा नसली तरी त्या जागा मिळवणार, आधी स्वतःला नाही, आत्याबाईंना. "ही बसंल. हिचं गुडगं दुखत्यात." पण हेच कुणी त्यांच्यासमोर बोलून दाखवलं तर त्या चिडतात.

दोघींची आणखी एक गोष्ट सामाईक होती, ती म्हणजे मिश्रीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि उठल्याबरोबर बोटाने दातांना लावत बसायचं. भाजण्याचं काम थोरल्यांकडे. त्या धुराचा खाट घरात पसरला की सृष्टी खोकायला लागायची आणि मी भांडी आपटायची. दोघी मात्र ओट्यावर शेजारीशेजारी बसून बोट दातांवर फिरवत असायच्या. बोलणं नाही, काही नाही. त्यांची ती सगळ्यात शांत वेळ.

मागच्या हिवाळ्यात डेअरीच्या हॉलमध्ये एक शिबिर झालं. कुठल्याशा संशोधन केंद्राची माणसं आली होती. तोंडाच्या कॅन्सरची चिन्हं उजेडाने शोधायची, असं काहीतरी त्यांचं नवं यंत्र होतं, आणि मिश्री लावणाऱ्या बायका त्यांना हव्या होत्या. आमच्या गावात अशा बायकांना तोटा नव्हता. नावं डेअरीच्या खात्यांवरून घेतली, कारण गावातल्या सगळ्यांची नावं बिनचूक कुठे सापडतील तर ती डेअरीतच.

त्यांच्यातली मनवा नावाची मुलगी समजावून सांगत होती. हातात पेनासारखी कांडी, कांडीची वायर एका पेटीत गेलेली. ती म्हणाली, "मावशी, दूध पांढरं का दिसतं? दुधात चरबीचे अगदी बारीक गोळे असतात. उजेड त्यांच्यावर आपटतो आणि चहूकडे फाकतो, म्हणून. तुमच्या डेअरीतलं जुनं फॅटचं मशीन हेच तर मोजायचं, उजेड किती फाकला ते. आमची कांडीही तसंच करते. गालाला आतून टेकवायची. ती उजेड सोडते आणि परत आलेला उजेड मोजते. आपल्या कातडीच्या प्रत्येक पेशीत एक गाभा असतो. रोग होण्याच्या खूप आधी तो गाभा फुगायला लागतो. डोळ्यांना दिसत नाही, दुखत नाही, पण उजेड फाकण्याची तऱ्हा बदलते."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान डोलावली. खरं तर जुनं फॅटचं मशीन उजेडावर चालायचं हेच मला त्या दिवशी कळलं. दुधातला उजेड आणि गालातला उजेड हे डोक्यात एकमेकांत मिसळत होते तोवर अंगणवाडी सुटायची वेळ झाली, आणि मी सृष्टीला आणायला निघाले. दोघींची पाळी मी पाहिली नाही ती अशी.

परत आले तर दोघी बाहेर कट्ट्यावर चहा पीत बसलेल्या. थोरल्यांचा चेहरा फुललेला.

"ज्योते, माझं सत्तावीस आलं," त्या मला लांबूनच म्हणाल्या. "साळूचं नुसतं अकरा. बघ, तोंडातली फॅट बी माझीच जास्त."

आत्याबाई नेहमीसारख्या पदरात हसल्या. मीही हसले. मोठा आकडा चांगला की वाईट, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गावात मोठा आकडा कधी वाईट असतच नाही. पुढचे काही दिवस थोरल्यांनी वस्तीवर आल्यागेल्याला ते सत्तावीस ऐकवले.

मग मनवाचा फोन आला. घरातल्या सगळ्या कामांना माझाच नंबर दिलेला असतो, त्यामुळे मीच उचलला. "लंकाबाईंच्या घरून बोलताय ना? त्यांच्या डाव्या गालाच्या आतलं मोजमाप थोडं काळजीचं आहे. घाबरू नका. आमचं यंत्र अजून प्रयोगात आहे, ते फक्त इशारा देतं. पण डॉक्टरांना दाखवून तिथला बारीक तुकडा तपासायला हवा. नगरला घेऊन या."

मी विचारलं, "किती होतं मोजमाप?"

"तशी दोन आहेत. पहिल्यांदा अकरा आलं, मग सत्तावीस. पहिल्या वेळी कांडी नीट टेकली नसेल म्हणून आम्ही दुसरं धरलं. पंधराच्या वर गेलं की आम्ही बोलावतो."

सत्तावीस वाईट होतं, हा पहिला धक्का. दुसरा लगेच मागून आला. "अहो ताई," मी म्हणाले, "ते एका बाईचे दोन आकडे नाहीत. दोन बायकांचे आहेत."

मग तिच्याकडून एकेक गोष्ट कळत गेली. टेबलापाशी बसलेल्या बाईने विचारलं, "खातं कुणाचं?" थोरल्या म्हणाल्या लंकाबाईचं. आत्याबाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या लंकाबाईचं. डेअरीत दोघी रोज हेच सांगतात. वर दोघींच्या अंगावर सारखी साडी, माझ्या नणंदेच्या लग्नात एकाच गठ्ठ्यातून घेतलेली, आणि डोक्यावरून पदर. गर्दीत मनवाला ती एकच बाई परत आल्यासारखी वाटली. ती खूप ओशाळली होती. चार वेळा म्हणाली, "दोघींनाही आणा. पुन्हा बघू. दोघींनाही नक्की आणा."

दोघींना न्यायचं, पुन्हा बघायचं. इतकं सोपं होतं. पण आमच्या घरात सोपं काही होत नाही.

मी ओट्यावर दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. थोरल्यांनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "मोठा आकडा माझा. म्या तवाच सांगितलं हुतं. मी येते नगरला."

"आणि आत्याबाई?"

आत्याबाईंचा चेहरा उतरला होता. "माझं अकराच हुतं. मी कशापायी येऊ?"

"पुन्हा तपासायचंय म्हणून."

"मी न्हाई येनार," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. माझ्या लक्षात आलं. त्यांच्या माहेरच्या भावाला मानेत गाठ होती. डॉक्टरांनी तुकडा काढला आणि पुढे तो फार दिवस जगला नाही. तो दवाखान्यात गेलाच मुळी उशिरा, पण आत्याबाईंच्या मनात पक्कं बसलंय की तुकडा काढला म्हणून रोग पसरला. त्या दिवसापासून त्या दवाखान्याच्या पायरीलासुद्धा भितात. आता मोठा आकडा थोरल्यांचा म्हटल्यावर त्यांना लपायला जागाच मिळाली होती.

माझं डोकं फिरायची वेळ आली. सगळं एका गोष्टीवर अडलेलं: त्या दिवशी आधी कोण बसलं? पहिली ती अकरा, दुसरी ती सत्तावीस. आणि आमच्या घरात पहिली किटली कायम थोरल्यांची. म्हणजे अकरा थोरल्यांचे आणि सत्तावीस आत्याबाईंचे. पण थोरल्या तर सत्तावीस माझे म्हणतायत. पण थोरल्या नेहमीच मोठा आकडा माझा म्हणतात. मग त्यांचं म्हणणं धरायचं कसं? आणि धरायचं नाही तरी कसं? मी हे अमृतला सांगितलं. तो दुधाचा टेम्पो चालवतो आणि गोष्ट पटकन मिटवायला बघतो. तो म्हणाला, "उचलून नेऊ आईला." मी म्हटलं, तुझ्या आईला तोंड कोण उघडायला लावणार? यावर तो टेम्पो पुसायला गेला.

मी बायडाबाईंकडे गेले. शिबिरात त्या या दोघींच्या मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी थोरली. अगं, कायम थोरलीच आधी आसती." पाहिलं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "पाह्यलं न्हाई, पन आसंलच." सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला साळूबाई आधी गेल्याचं त्याला वाटतंय, पण साड्या सारख्या होत्या, त्यामुळे शपथ घेणार नाही. मी तिथून निघाले ती आणखी गोंधळून.

संध्याकाळी थोरल्या गोठ्यात म्हशीला पेंड घालत होत्या. मी त्यांना तिथेच गाठलं. "थोरल्या, त्या दिवशी आधी कोण बसलं होतं?"

"साळू. मी मागनं."

"कधी नव्हे ते?"

"व्हय. कधी नव्हं ते." त्यांनी पाटी दाणकन ठेवली. "सारखं सारखं काय इचारती? आकडा माझा म्हंजी माझा."

मला राग आवरला नाही. मी म्हणाले, "हे डेअरीतलं दूध नाहीये. तुम्ही सवयीने मोठा आकडा स्वतःकडे ओढला असेल, आणि तो खरा आत्याबाईंचा असेल, तर त्या घरात बसून राहतील. तो वाढत जाईल. तुमच्या या हट्टापायी त्यांचा जीव जाईल."

मी इतकं तोडून त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आता माझा उद्धार होणार असं मला वाटलं. पण थोरल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मलाबी ठावं न्हाई, ज्योते."

"म्हणजे?"

"त्या पोरीनं ती कांडी तोंडापुढं धरली आन मला भ्याव वाटलं. म्या डोळं गच मिटून घेतलं. ती एक आकडा बोलली. मंग साळू बसली, का साळू आधीच बसली हुती... मला खरंच याद न्हाई. दोन आकडं ऐकू आलं. मोठा व्हता त्यो म्या घेतला. सवय हाय मला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आन फोन आल्यावर म्हनलं, माझाच आसावा. देवा, माझाच निघू दे."

"असं का म्हणता?"

"ती नवी नवरी हुती. दाढ दुकायची, रातभर रडायची. म्या तिच्या दाढंला मिश्री लावली. तवर तिला तंबाखूचा वास बी सोसत नव्हता. म्या शिकवली, म्या भाजून घातली येवडी वर्सं. तिला काय झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

मला त्यांची इतकी दया आली, आणि त्याच वेळी इतका संतापही आला, की काय करावं सुचेना. मी पेंडीची पाटी उचलून जागेवर ठेवली. थोरल्याही मागोमाग घरात आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर बसून जाहीर केलं, "मी नगरला एकटी जानार न्हाई. माझ्या तोंडाचा तुकडा काढत्याल. मला धरायला साळू पायजे."

आत्याबाई म्हणाल्या, "ज्योती हाय की."

"ज्योतीचा हात कडक हाय. तू न्हाई तर मी बी न्हाई. ऱ्हाऊ दे मंग, वाढू दे रोग."

हे ऐकून आत्याबाईंचा जीव वरखाली झाला. दवाखान्याची भीती एकीकडे आणि थोरल्यांचा रोग दुसरीकडे. सांज व्हायला आली तेव्हा त्यांनी पेटीतून बाहेरगावी जायची साडी काढून दोरीवर टाकली. मी थोरल्यांकडे पाहिलं. त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

राहुरीवरून नगरला पोचेपर्यंत एसटीत दोघी शेजारी बसून होत्या. थोरल्या कंडक्टरशीही भांडल्या नाहीत. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्या, पण आमच्या तोंडात नगरच येतं. मी सृष्टीला अमृतकडे ठेवून आले होते. वाटभर माझ्या मनात एकच: थोरल्यांचा आकडा मोठा निघाला तर वाईट, आत्याबाईंचा निघाला तरी वाईट. मग मी नेमकं काय मागतेय? मला ठरवता येईना. एका क्षणी मी माझ्या सासूसाठी थोरल्यांचा मोठा निघावा असं मनात म्हणाले, आणि लगेच माझी मलाच शरम वाटली.

मनवा दारातच वाट बघत होती. तिने आधी दोघींची नावं दोनदा विचारून घेतली. सोबत एक डॉक्टरीणबाई होत्या. खुर्ची, दिवा, ती पेटी आणि ती कांडी. थोरल्या सवयीने पुढे झाल्या, खुर्चीत बसल्या आणि आ वासला. या वेळी डोळे उघडे ठेवले होते. मनवाने दोन्ही गालांना आतून ठिकठिकाणी कांडी टेकवली. "नऊ... दहा... नऊ," ती बोलत गेली. सगळीकडे तेच.

थोरल्या खुर्चीतून उठल्या नाहीत. "परत लाव," त्या म्हणाल्या. मनवाने परत लावली. दहा.

आता खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं, आत्याबाईंनाही. त्या दाराकडे सरकल्या होत्या. "माझं काय काम न्हाई. मी तर नुसती सोबत आल्ये," त्या पुटपुटल्या.

थोरल्या उठल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "भरून आनलेली किटली तपासल्याबिगर माघारी नेत्यात का कुटं? बस."

एवढ्या वर्षांत थोरल्यांनी बस म्हटलं आणि आत्याबाई बसल्या नाहीत असं झालेलं नाही. त्या बसल्या. मनवाने उजवा गाल पाहिला. अकरा, दहा. डावा गाल. पुढे अकरा. मागे, दाढेच्या बाजूला कांडी गेली आणि मनवाचा आवाज बारीक झाला. "अठ्ठावीस." तिने कांडी काढून पुसली, पुन्हा तिथेच टेकवली. "सत्तावीस."

थोरल्या एकदम पुढे झाल्या. "ताई, तुमच्या किटल्या बदलल्या."

"काय, मावशी?"

"किटल्या. आदलाबदल झाली. मोठा त्यो माझा. आमच्या डेअरीत इचारा कुनालाबी, मोठा माझाच आसतो. हिचं कायम कमीच लागतं." त्यांचा आवाज चढत होता. "डबी माझी हाय. मिश्री म्या भाजलेली. मंग आकडा हिचा कसा? परत लाव. मला बसव आन परत लाव."

डॉक्टरीणबाई काही बोलणार होत्या, पण मी त्यांना थांबवलं. मला स्वतःलाच रडू येत होतं.

आत्याबाई खुर्चीत बसून थोरल्यांकडे बघत होत्या. जन्मभर किटल्या बदलल्याचं ऐकून पदरात हसलेली ही बाई. या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला.

"न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "डबी तुमची आसंल. तोंड माझं हाय."

मग डॉक्टरीणबाईंकडे वळून त्यांनी स्वतःहून आ केला. तुकडा काढताना थोरल्यांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. हात कुणाचा जास्त घट्ट होता, ते मला सांगता येणार नाही.

तुकड्याचा निकाल आला. पेशी बदलायला लागल्या होत्या, पण रोग झालेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही डोळ्यांना दिसेपर्यंत थांबला असतात तर गोष्ट वेगळी झाली असती. तेवढा भाग काढून टाकला. आता काही महिन्यांनी जाऊन कांडी लावून यायची. मिश्री बंद झाली. थोरल्यांनी डबी घासून तिच्यात मोहरी भरली. सकाळी दोघी अजूनही ओट्यावर शेजारीशेजारी बसतात, बोट रिकामं, आणि थोरल्या पहिल्या महिन्यात इतक्या चिडचिड्या झाल्या होत्या की म्हशीसुद्धा त्यांना बिचकायच्या.

त्या दिवशी शिबिरात आधी कोण बसलं, ते आता कळलं असं अमृत म्हणतो. आधी थोरल्या, मग आत्याबाई, नेहमीसारखंच. पण मग गोठ्यात थोरल्या "साळू आधी" म्हणाल्या, ते चुकून की जाणून? डोळे गच मिटले होते म्हणाल्या, तेही खरं की त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं? मी त्यांना एकदा विचारलं. "येवडं शिकून तुला येवडंच इचारायचंय का?" एवढंच त्या म्हणाल्या.

परवा मी डेअरीत त्यांच्याबरोबर होते. थोरल्यांची किटली आधी लागली. सात. मग आत्याबाईंची. सात-चार. सेक्रेटरीने आकडा सांगितला आणि सवयीने दूध पुन्हा मशीनला लावायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे," थोरल्या म्हणाल्या. "मोठा तिचा."

"थोरल्या, खातं एकच हाय," तो म्हणाला. "कुनाचा बी आसला तरी काय फरक पडतो?"

"पडतो. तिचा म्हन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "साळूबाई, सात-चार."

आत्याबाईंनी रिकामी किटली उचलली. थोरल्या तोवर वाटेला लागल्या होत्या.